वेन राजाची वही आणि तिची चार कोरी पाने

॥ श्रीलक्ष्मीनृसिंह प्रसन्न ॥

मी, मोरेश्वर त्र्यंबक बेहेरे, वय वर्षे एकोणऐंशी, मूळचा देवरुखचा, निवृत्त संस्कृत शिक्षक व कीर्तनकार, हल्ली मुक्काम चिरंजीव शैलेंद्र याचे घरी, नोव्हाय, मिशिगन, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे स्वहस्ते लिहीत आहे. देहाचा भरवसा उरलेला नाही. वाणीने केलेली एक चूक मात्र उरली आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द झाले असे समजावे.

१. बँकेत जे काही असेल ते सून दीपा हिला द्यावे. दाराशी गुडघाभर बर्फ असतानाही तिने माझ्या पूजेला फुले कमी पडू दिली नाहीत आणि माझ्या सोवळ्याची कधी चेष्टा केली नाही. शैलेंद्राने वाईट वाटून घेऊ नये. त्याला घर आहे, आणि माझा हट्टी स्वभावही त्याच्याकडेच गेला आहे.

२. माझी बाजाची पेटी श्री. नरेंद्र सोवनी यांना द्यावी. माझ्या कीर्तनाला तेरा वर्षे त्यांनी साथ केली, आणि पुढची नऊ वर्षे मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांचा अपराध काय होता, ते पुढील कलमात येईल. तो अपराध नव्हता.

३. वेनाख्यानाची वही, झांजा व चिपळ्या माझी नात इला हिला द्याव्यात.

या वहीविषयी लिहिणे भाग आहे. सन १९८५पासून दर चार जुलैला येथील मंदिराच्या सभागृहात मी हे कीर्तन करीत असे. पूर्वरंगात उन्मत्त वेन राजा, ज्याला ऋषींनी नुसत्या हुंकाराने मारले. उत्तररंगात या देशातील तेरा वसाहती. त्यांना इंग्रजांच्या पार्लमेंटात एक आसन नव्हते, कर मात्र होता. त्यांनी चहाच्या पेट्या बंदरात लोटल्या, जाहीरनामा लिहून राजाची सत्ता नाकारली आणि आठ वर्षे युद्ध केले. ऋषींनी वेनाच्या देहातून दुसरा राजा मंथून काढला. या लोकांनी सिंहासनच मोडून प्रजासत्ताक उभे केले. त्याच इंग्रजांविरुद्ध पंधराव्या वर्षी मी देवरुखच्या शाळेसमोर घोषणा दिल्या होत्या, म्हणून हे सांगताना मी झांजा दुप्पट जोराने वाजवीत असे.

१९९७ साली, सर्व माणसे समान निर्मिली आहेत या वाक्याशी मी पोचलो असता तेरा वर्षांची इला उभी राहिली. "आजोबा, पण स्लेव्ह्जचं काय? हे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घरात स्लेव्ह्ज होते. त्यांना कोणी फ्री केलं?"

मी नारदांच्या गादीवर उभा होतो. म्हणालो, "कीर्तनात मध्ये बोलायचं नसतं. खाली बस."

लोक हसले. ती बसली. आरतीनंतर नरेंद्र म्हणाले, "बुवा, पोरीनं सम बरोबर गाठली. चुकलात तुम्ही."

त्या रात्री मी पोथी उघडली. वेनाच्या मांडीतून प्रथम एक काळा, ठेंगणा माणूस निघाला आणि त्याने नम्रपणे विचारले, मी काय करू? ऋषींनी सांगितले, खाली बस. त्याच्या वाट्याला रान आले, राज्य नाही. हे श्लोक आख्यानाला अडचणीचे, म्हणून मी तेरा वर्षे गाळत आलो होतो. त्यानंतर हे कीर्तन मी केले नाही. इला पुढे माझ्या कोणत्याच कीर्तनाला आली नाही.

गेल्या मार्गशीर्षात दीपाने मला ॲन आर्बरला इलेच्या खोलीवर नेले. इलेने चहा केला, गुडघ्यांची चौकशी केली. मी शब्द जुळवू लागलो तोच ती म्हणाली, "इट्स ओके, आजोबा. मला आठवतसुद्धा नाही." पण बोलताना तिने माझ्या कपात दोनदा साखर घातली. तिला आठवत होते. मी तो चहा पिऊन परतलो.

वहीतील चौदा ते सतरा ही पाने तिच्या प्रश्नासाठी कोरी ठेवली आहेत. मी सुट्या कागदांवर लिहून पाहिले. प्रत्येक ओळ माझ्याविषयीच होई, गुलाम केलेल्या त्या माणसांविषयी होत नसे. ती माझ्याने लिहिली जाणार नाहीत.

४. माझ्या तेराव्याला कोणाही बुवांना बोलावू नये. त्याच सभागृहात, ज्यांच्यादेखत मी इलेला खाली बसवले त्या सर्वांसमोर, शैलेंद्राने तिसरे कलम मोठ्याने वाचावे. इला न आली तरी वही तिचीच. तिला कोणी आग्रह करू नये. आली, तर तिने तिच्या सोयीच्या भाषेत ती चार पाने सांगावीत. तिला मध्येच कोणी प्रश्न विचारला, तर त्याला खाली बसवू नये. कीर्तनकाराचा हार माझ्या तसबिरीला न घालता तिला घालावा.

इला, माझे चुकले. ऊठ.

(सही) मोरेश्वर त्र्यंबक बेहेरे

आम्ही दोघांनी वरील सही आमच्यासमोर होताना पाहिली व त्यांच्यासमोर आपापल्या सह्या केल्या. नरेंद्र सोवनी हजर होते; पेटी त्यांना मिळणार असल्याने त्यांची साक्ष घेतली नाही. बेहेरेबुवा आज त्यांच्याशी बोलले.

साक्षीदार : सुलेखा दामले
साक्षीदार : राजस कोल्हटकर

नोव्हाय, मिशिगन
मंगळवार, ४ जुलै २००६