पहिल्याच संध्याकाळी समाप्ती

चि. अक्षता हिला कडूबामामाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तू, जावईबापू आणि मस्तगडच्या त्या दोन खोल्या खुशाल असाल. माझं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतं कोण? तू पाठवलेलं वाचायचं यंत्र जाफराबादच्या जीपमधून सुखरूप आलं. (जीपवाल्याने त्याला पुढच्या सीटवर बसवून आणलं, मला आजवर टपावरच बसवत आलाय.) विहारातला आपला जुना ग्रंथ तू बांधणीला घेऊन गेलीस, त्याची मुळीच घाई करू नकोस. शिवण उसवलेली, पानं सुटी झालेली. राहू दे तिकडेच.

कागदाची पुस्तकं आता संपतच आली, असं तू म्हणालीस तेव्हा मला राग आला होता. पण यंत्रातलं अक्षर मोठं केलं आणि मी चाट पडलो. एकेक अक्षर शेंगदाण्याएवढं! गेल्या वर्षावासात, पावसाळ्यातल्या त्या तीन महिन्यांच्या वाचनात, डोळ्यांनी दगा दिल्यापासून मला एकच धास्ती होती, की यंदा विहारात ग्रंथ वाचायला माझ्या जागी दुसरं कोणी बसणार. ती जागा गेली असती तर मी रोज संध्याकाळी करायचं काय, सांग. (घरात टीव्ही आहे, पण तो मला बोलूच देत नाही.) शिवाय याचं पान उलटायला शेजारी माणूस लागत नाही. ही तर फारच मोठी सोय.

आता झालं ते ऐक. आषाढ पौर्णिमेला वाचन सुरू झालं. आधी ग्रंथावर फूल ठेवायचं, हात लावून वंदन करायचं, ही आपली रीत तुला ठाऊकच आहे. यंदा टेबलावर ग्रंथाच्या जागी यंत्र. झुंबरबाईने झेंडूचं फूल ठेवलं आणि मोठ्या श्रद्धेने त्याच्यावरून आडवा हात फिरवला. तेवढ्या एका वंदनात यंत्र पहिल्या भागातून थेट शेवटच्या भागात जाऊन बसलं. मला काय कल्पना? कागदाच्या ग्रंथात किती वाचलं, किती उरलं ते हाताला कळतं. इथे सुरुवात आणि शेवट सारखेच सपाट. अक्षर दिसल्याच्या आनंदात मी खणखणीत वाचत सुटलो आणि सिद्धार्थाचा जन्म वाचायच्या संध्याकाळी थेट भगवान बुद्धांचं महापरिनिर्वाण वाचून मोकळा झालो. बाया पदराने डोळे पुसत होत्या. मी मनात म्हटलं, वा कडूबा, आज आवाज काय लागलाय! शेवटी साळूबाई उठली. "दादा, आज तर सुरुवात हुती ना? पण समाप्ती झाली म्हणल्यावर खीर करावीच लागंल, न्हाई त बराबर दिसत न्हाई." समाप्तीची खीर तीन महिन्यांनी असते गं! पण वाचलेलं परत कसं घेणार? खीर झाली. (मी दोन वाट्या घेतल्या.) दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आता यंत्राला दुरूनच हात जोडायचे, असं ठरलंय. झुंबरबाई मात्र रोज फूल घेऊन येते आणि ते कुठे ठेवावं हे न कळून तशीच उभी राहते. एवढं सोडलं तर यंत्र अगदी उत्तम आहे. जुन्या ग्रंथावाचून माझं काही अडत नाही.

तुझा,
कडूबामामा

ता. क. बांधणीवाल्याने काम सुरू केलं का? सहज विचारतोय, झुंबरबाईच्या फुलासाठी.

आणखी एक ता. क. शिवण घातल्यावर हे लोक पानांच्या कडा कापून सरळ करतात म्हणे. त्याला सांग, कडा कापू नको. मी वाचायचो तेव्हा शेजारी बसून पानं तुझी मामी उलटायची. स्वयंपाक टाकून तशीच यायची आणि हात धुतलेत म्हणायची. (कसले धुतलेले!) ती गेली, पण पानापानाच्या खालच्या कोपऱ्यात तिचा हळदीचा अंगठा आहे. कडा वाकड्याच राहू दे. हे तुला सांगायला दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा आवाज लागला नाही, म्हणून गुडघ्याचं सांगून ठेवून दिला. तू मात्र पत्र वाचल्याबरोबर त्याला गाठ. वाचीन मी यंत्रावरच, पण पानं त्या ग्रंथाची उलटीन.