मशेरीची बाटली आणि आईचा गाल

ति. हरेश्वरदादास,

नमस्कार मागाहून. आधी हे सांग, मशेरी मसाल्याच्या बाटलीत भरायची अक्कल कुणाची? तंबाखू आईने भाजली असेल, पण बाटली भरून खुशीच्या हातात तूच दिलीस. (तुझी लेक गुणी आहे, तिला दोष नाही.) मी मशेरी सोडली हे तुला दोनदा सांगून झालं, तरी दर महिन्याला वालाच्या शेंगांबरोबर बाटली येतेच. मी कामावर गेलेली. शेजारची मार्था चमचाभर मसाला मागायला आली आणि आमच्या ह्यांनी फळीवरची बाटली काढून तिला दिली. (बावीस वर्षं माझ्या हातचं जेवतात, मसाल्याचा रंग ओळखत नाहीत.) तिने तो चमचा गरम तेलात टाकला. दादा, अख्खी चाळ खोकत बाहेर! बांगड्याचं कालवण गटारात गेलं. संध्याकाळी मी परतले तरी तिचा नवरा इग्नेशियस डोळेच पुसत होता, मला म्हणाला, "ताई, हे तुम्ही रोज तोंडात घालत होता?" मी तिची कढई उचलली आणि घासायला बसले.

बाकी तुम्ही सगळे बरे असालच. वहिनीचा गुडघा कसा आहे? भात कापून झालं का? झालं असेल तर तुला सवड आहे, नसेल तर काढ. पत्र अशासाठी लिहिते की फोन केला की तू तो आईच्या कानाला लावतोस, ती रडते आणि माझं बोलणं राहून जातं. चौथीपर्यंत शिकले, अक्षर वाकडं आहे, पण पत्र मध्येच कापता येत नाही.

पावसाळ्याच्या तोंडी सातिवलीला आमच्या कंपनीत (बरण्यांची झाकणं खोक्यात भरते मी, बरण्या दुसरीकडेच बनतात, का ते मालकाला विचार) दात तपासायला डॉक्टरीण आली. उर्सुला नाव, आपल्या वसईचीच, दिसायला खुशीएवढी पण हात लोखंडाचा. "मावशी, मशेरी लावता?" मी म्हटलं, "नाही बाई." तिने माझं काळं बोट उचलून मलाच दाखवलं. मग तोंडात आरसा घालून हिरड्या दाखवल्या, खाली सरकलेल्या, दातांची मुळं उघडी. मी म्हटलं, मशेरीने दात घट्ट राहतात ना? तर म्हणे, "दुखणं कळत नाही म्हणून बरं वाटतं, मावशी. आत कुजायचं ते कुजतंच." आपल्या घरात पेस्ट पोरांची आणि मशेरी बायांची. मोठ्या बाईने ब्रश धरला तर काकू हसायच्या. तीस वर्षं अशी गेली.

सोडल्यावर पहिले दहा दिवस पोट साफ होईना, डोकं ठणकायचं. ह्यांच्याशी मी चहाच्या कपावरून भांडले, तेव्हा चहा केलेलाच नव्हता. (म्हणाले, हिला मशेरी द्या नाहीतर मला माहेरी पाठवा.) ब्रशने आधी तवा घासावा तसे दात घासले आणि रक्त काढलं. आता मऊ ब्रश, हलका हात, सकाळी एकदा आणि रात्री जेवणानंतर एकदा, आणि काही खाल्लं की चूळ. ब्रशचे केस वाकले की तो गेला, त्याने मोरी घासायची. महिन्यातून एकदा आरशापुढे आ करून गाल, जीभ, सगळं बघायचं.

हे बघणंच कामाला आलं. गणपतीला आई आमच्याकडे आली तेव्हा तिने आमटीत पाणी ओतून खाल्लं. तिखट लागतं म्हणे! हिरवी मिरची काकडीसारखी खाणारी बाई! मी मोबाईलची बॅटरी लावून तिचा गाल ओढला. जिथे ती मशेरी दाबून ठेवते तिथेच आत पांढरा चट्टा, चिंचोक्याएवढा. "मना काय नाय झाला, पानी दे," एवढंच बोलली. उर्सुलाला सांगितलं तर तिचं हसणं थांबलं. म्हणाली, बघितल्याशिवाय काही सांगणार नाही, पण दोन आठवड्यांत न गेलेला चट्टा दाखवायचाच. दादा, दोन महिने झाले. दिवाळीत न्यायला आले तर तू म्हणालास सणाचं नको. वर म्हणालास, सत्तरी ओलांडली, आता तिला दात कशाला. दातांचं कोण बोलतंय? तुझ्या म्हशीने दोन वेळ चारा सोडला की तू डॉक्टर गोठ्यात आणतोस. आईने मिरची सोडली ते तुला दिसलं नाही?

शनिवारी सकाळी अकराची उर्सुलाच्या दवाखान्यातली वेळ घेतली आहे. आईला घेऊन ये. आणि मशेरी भाजायचा तवा मला पुन्हा दिसला तर मी तो तुझ्या विहिरीत टाकीन.

तुझी बहीण,
सुहासिनी

ता.क. आईला तिच्या गालाचं काही बोलू नको, ती पहाटेच चिंचोटीला मावशीकडे पळेल. सुहासिनीची दाढ काढायची आहे, तिला सोबत हवी, एवढंच सांग. लेकीसाठी ती येईल.

ता.क. दुसरा. ते खोटं नाही. दाढ खरंच काढायची आहे. दोनदा खुर्चीवरून उठून पळाले, एकदा तर गळ्यातल्या कागदी फडक्यासकट रिक्षात बसले. ह्यांना माहीत नाही, तूही बोलू नको. आईने हात धरला तर मी बसेन. आधी तिचा गाल, मग माझी दाढ, असं उर्सुलाशी ठरलं आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत खुशीकडून 'हो' कळव. 'नाही' असेल तर कळवायची तसदी घेऊ नको, गुरुवारी सकाळी मी तुझ्या दारात उभी असेन.