शेट्ये सरांची गाडी डावीकडे ओढायची

३ नोव्हेंबर, सोमवार
शेट्ये सरांची गाडी गॅरेजवर आली. सर नव्हते, त्यांचा मुलगा संदेश गाडी घेऊन आला. तो वास्कोला बंदरात नोकरीला, दोन दिवस सुट्टी काढून आलेला. म्हणाला, "बाबांची गाडी विकूया म्हणतो. गिऱ्हाईक बघायला येईल, त्याआधी खालून एकदा तपास. पुढे खडखड वाजते." चावी टेबलावर ठेवली आणि बस पकडायला गेला.

लिफ्टवर घेतली. डावं चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मला पहार लावून हलवलं. आर्म बोटभर पुढेमागे. आर्मच्या सांध्यातला मागचा रबरी बुश पूर्ण फाटलेला. रबर एकीकडे, आतली लोखंडी नळी एकीकडे. उजवीकडचा तडकलाय, पण तितका नाही.

हे बुश मीच घातलेले. मे महिन्यात. धड सहा महिने झाले नाहीत.

बसू शेजारी उभा होता. बेळगावकडचा, बारा वर्षं माझ्याकडे, माझ्यापेक्षा वयानं मोठा. त्यानं फाटलेल्या जागी बोट घातलं, फडक्याला पुसलं आणि दुसऱ्या गाडीकडे गेला.

का फाटला ते मला तिथेच कळलं. आज लिहवत नाही.

४ नोव्हें.
लिहून टाकतो.

मेमध्ये गर्दी. पावसाच्या आधी सगळ्यांना गाड्या करून हव्या असतात. सरांची गाडी लिफ्टवर, चाकं हवेत लोंबती. नवे बुश प्रेसवर बसवले, आर्म लावले आणि बोल्ट तिथेच, वरच, कचकचून आवळले. खरं तर ते शेवटचे आवळायचे गाडी खाली उतरवून, चाकांवर भार आल्यावर. वर आवळले की गाडी खाली आल्यावर रबर पिळतं आणि पिळलेलंच राहतं. मग दर खड्ड्याला आणखी पिळत जातं. हे मला काम शिकत होतो तेव्हापासून माहीत. बसू बोललाही होता, "मालक, खाली घेऊन आवळूया." मी म्हटलं, "पुढची गाडी घे."

बोल्टांचं एवढंच. त्याच्या पुढचं वाईट.

ऑगस्टमध्ये सर स्वतः आलेले. "उल्हास, ब्रेक मारला की डावीकडे ओढते रे. स्टेअरिंग हातात राहत नाही." मी गाडी वर घेतलीच नाही. का घेऊ? मी नुकतं काम केलेलं. बाजारापर्यंत एक फेरी मारून आलो. समोर चहाच्या गाड्यावर चारपाच जण उभे होते. त्यांच्यादेखत म्हटलं, "सर, गाडीक कायच जावक ना. तुमचो हात हलता आता. वय झालं." ते हसले. सरही हसले. आधी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, मग हसले.

चौथीपर्यंत या माणसानं मला शिकवलंय.

सप्टेंबरात नार्व्याच्या वळणावर समोर गुरं आली. सरांनी ब्रेक मारला, गाडी डावीकडे गेली, रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावर आपटली. शेजारी काकी, सरांच्या मिसेस, बसलेल्या. त्यांचं मनगट मोडलं. संदेशचा फोन: "उल्हास, खरं सांग, गाडीत काय दोष होता?" मी म्हटलं, "गाडी फर्स्ट क्लास." न बघता. पत्र्याचं काम डिचोलीला झालं, माझ्याकडे गाडी आलीच नाही. संदेशनं सरांकडून चावी काढून घेतली.

धडकेनंच बुश फाटला असेल, असं काल दिवसभर मनाला सांगून बघितलं. पण फाटलेल्या कडा ताज्या नाहीत. घासून गुळगुळीत झाल्यात, त्यात लाल माती बसून दगड झालीय. टायर आतल्या बाजूनं खाल्लेला. हे आधीचंच. सर ऑगस्टमध्ये आले तेव्हा ते तिथे होतं. गाडी वर घेतली असती तर दिसलं असतं.

संदेशला फोनवर सांगितलं, आर्मचे बुश गेलेत, बदलतो. तो म्हणाला, "जुनी गाडी, जाणारच." मी म्हटलं, "होय."

६ नोव्हें.
काल त्रिपुरारी, गर्दीमुळे रस्ताच बंद, सामान आज आलं. सकाळी काम घेतलं. बसूला म्हटलं मी एकटाच करतो.

आर्म काढले. जुने बुश प्रेसवर दाबले तर डावा लगेच बाहेर पडला, दात पडावा तसा. उजव्याला वेळ लागला. बुश बसतात ती घरं साफ केली, साबणाचं पाणी लावून नवे बसवले. आर्म जागेवर चढवले, बोल्ट हातानंच फिरवून ठेवले. गाडी खाली घेतली. पुढून दोनदा दाबून हलवली, स्थिर होऊ दिली. मग खाली आडवा होऊन, भार चाकांवर असताना, आवळले. फक्त हे शेवटचं करायला मला पाव तास लागला. मेमध्ये तेवढाच वाचवला होता.

मग अलायनमेंट. मग फेरी. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सोडून ब्रेक मारला. गाडी नाकासमोर थांबली.

नार्व्याच्या वळणापर्यंत गेलो. गडग्याचे दोन चिरे अजून खाली पडलेत. सरांचं घर तिथून पुढे पाच मिनिटांवर. गाडी वळवून परत आलो.

९ नोव्हें., रविवार
गेलो होतो. सांगायचं ठरवून गेलो होतो.

सर पडवीत नारळ सोलत होते. मला बघून उठले. सत्त्याहत्तर वय, पण अजून आल्या माणसासाठी उठतात. काकींनी चहा आणला, ट्रे डाव्या हातानं धरलेला. उजवं मनगट अजून नीट वळत नाही. मी म्हटलं, "काकी, मी घेतो." त्या म्हणाल्या, "बस रे बाबा, जमता माका."

आता मनगटाच्या व्यायामासाठी साखळीच्या इस्पितळात बसनं जातात दोघं. बस चुकली की तासभर उभं राहायचं. सर हे तक्रार म्हणून सांगत नव्हते, सहज सांगत होते.

मग मी तोंड उघडणार एवढ्यात तेच म्हणाले, "उल्हास, तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. मीच हट्ट केला. तुझं ऐकलं असतं तर हिचा हात वाचला असता. चूक माझी."

मी चहा प्यायलो. उंडा पाव बुडवून खाल्ला. काकींनी पिशवीत चार नारळ घातले, ते घेऊन घरी आलो.

नारळ अजून स्कूटरच्या डिकीत आहेत.

१० नोव्हें.
बायकोला, शैलाला, सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, हात थांबवला नाही. शेवटी म्हणाली, "बोल्टाची चूक कोणाकडनय जाता. पण सरांचो हात हलता म्हणून तू कित्या सांगलंस? तू डॉक्टर?"

मी म्हटलं, चेष्टेत बोललो.

"चेष्टेत? मग फोनार संदेशाक सांगलंस तेय चेष्टेत?"

नारळ डिकीतून काढून आणले तिनंच, पण फोडले नाहीत.

१३ नोव्हें.
दोन क्लच, एक रेडिएटर. बाकी डोकं ठिकाणावर नाही.

दुपारी जेवताना बसूला विचारलं, "मेमध्ये तू काय बोललेलास, आठवतं?"

"आठवतंय की."

"मग ऑगस्टमध्ये सर आले तेव्हा का बोलला नाहीस?"

डबा बंद करत म्हणाला, "मालक तुम्ही. लोकांसमोर कसं बोलणार? मागनं तुम्हीबी कधी विचारलं न्हाईसा."

म्हणजे तो तेव्हापासून जाणून होता. तीन महिने माझ्याबरोबर जेवत होता.

संदेशचा मेसेज: रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक गाडी बघायला गॅरेजवर येणार.

१६ नोव्हें., रविवार
सांगितलं.

सकाळी नऊला गेलो. जुना डावा बुश कागदात गुंडाळून खिशात. चहा नको म्हटलं, बसलोही नाही, उभ्याउभ्याच बोललो. नाही तर पुन्हा राहिलं असतं. मे महिन्यातलं, ऑगस्टमधलं, संदेशच्या फोनचं. गडग्यावर गाडी बुशमुळेच गेली असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, तेही सांगितलं. पण डावीकडे ओढत होती हे नक्की. तुम्ही सांगत होता ते बरोबर होतं.

सरांनी बुश हातात घेतला. रबराची फट उघडून बघितली, मिटली, पुन्हा उघडली.

"म्हणजे ओढत होती?"

"होय सर."

"मी म्हणत होतो तशी? डावीकडे?"

"होय."

आत वळून हाक मारली, "अगो, ऐकलंस? ओढत होती." आवाज मोठा झाला होता. शाळेतही तो आवाज कधी ऐकला नव्हता.

काकी दारात आल्या. त्यांनी सगळं आतून ऐकलेलं. बुशकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझो हात मोडलो तो सोड. हे जेवताना घास उचलतत आणि मध्येच थांबतत. हात हलता काय बघतत. दिसभर. पेन घेतला की बघतत, निरांजन लावताना बघतत. डॉक्टरांकडे दोनदा जाऊन इले. डॉक्टर म्हणता काय ना. तरी बघतत. तुझ्या शब्दार, उल्हासा."

मला खाली बघावं लागलं. शेणानं सारवलेलं अंगण, नारळाच्या सोडणाचा ढीग.

सर म्हणाले, "तू आता जा." रागानं नाही. दमल्यासारखं. बुश त्यांच्याच हातात राहिला.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं नाही. सरांनी संदेशला कळवलं असणार.

१८ नोव्हें.
संदेशचा फोन. शिव्या दिल्या. दे म्हटलं. नंतर शांत झाला, तेव्हा जास्त लागलं. "मी बाबांच्या हातातून चावी ओढून घेतली रे. ते देत नव्हते, मी बोटं सोडवली. तुझ्या फर्स्ट क्लासवर. आता मी त्यांच्याकडे काय तोंडानं जाऊ?"

मग म्हणाला, "आणि परत चावी दिली आणि खरंच काय झालं, तर? वय तर झालंच आहे ना?"

आता माझ्या उत्तराला किंमत नाही.

१९ नोव्हें.
चहाच्या गाड्यावर गेलो. ऑगस्टमधले तिघे होते. म्हटलं, शेट्ये सरांच्या गाडीत बिघाड होता, माझ्या हातून झालेला. सरांचा हात चांगला आहे. चहावाल्यानं ग्लास विसळता विसळता मान हलवली. एक जण म्हणाला, "मगे आता कोणाचो हात हलता?" सगळे हसले. मीही हसलो.

हसायला नको होतं. सर त्या दिवशी का हसले होते ते मात्र कळलं.

२१ नोव्हें.
गाडी शेडमध्ये उभी. धूळ बसते म्हणून पुसली. बसू म्हणाला, "रोज पुसताय." दोन दिवस गिऱ्हाइकं कमी वाटतात. की मलाच तसं वाटतं.

२४ नोव्हें., सोमवार
दहाच्या बसनं सर आले. एकटेच, इस्त्रीचा शर्ट, छत्री. मी हातातलं काम टाकून पुढे झालो. ते माझ्या बाजूनं बसूकडे गेले.

"बसू, गाडी वर घे. मला खालून बघायची आहे."

बसूनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं वर घेतली, टॉर्च धरून सगळं दाखवलं. हा आर्म, हा बुश, हा बोल्ट, भार आल्यावर का आवळायचा. सर दोनदा म्हणाले, "पुन्हा सांग." तिसऱ्यांदा स्वतःच सांगून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर?" बसू म्हणाला, "बरोबर, सर." चौथीच्या वर्गात असंच चालायचं, फक्त बाजू उलटी.

गाडी खाली आली. सर चालवायच्या जागी बसले. दोन्ही हात स्टेअरिंगवर, बराच वेळ. हात स्थिर होते. मी बघितलं ते त्यांनी बघितलं. मान दुसरीकडे वळवायला मला उशीर झाला.

"बसू, तू बस बाजूला," म्हणाले.

शाळेच्या मैदानापर्यंत गेले. मी फाटकात उभा. दहा मिनिटं, पंधरा, वीस. आले. बसू उतरला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मैदानात चार वेळा जोरात ब्रेक मारला. सरळ थांबली." आणि मग, "रडले."

सर उतरले. मी जवळ गेलो, म्हटलं, "सर, माझं चुकलं." नार्व्यात सगळं सांगितलं होतं, पण हे तीन शब्द राहिलेच होते.

त्यांनी छत्री उचलली. "मी वर्गात कोणाला चूक म्हणायच्या आधी त्याचं गणित पूर्ण वाचायचो, उल्हास. तुझंही वाचायचो."

गाडी नेली नाही. काकी बसायला तयार नाहीत म्हणाले. "गाडीला नाही, तुझ्या कामाला घाबरते ती." बसनंच गेले.

२६ नोव्हें.
सरांचा फोन. म्हणाले, डिचोलीच्या दुसऱ्या गॅरेजात गाडी पूर्ण तपासून घेणार. बसूनं तिकडे सोडावी, चावी तिथेच द्यावी.

म्हटलं, "घ्या सर. घ्यायलाच पाहिजे."

"तुझा राग म्हणून नव्हे," ते म्हणाले. "कोणी ठीक आहे म्हटलं की आता मला पुरत नाही. माझ्याबद्दल म्हटलं तरी."

बसू गाडी सोडून आला. शेडमध्ये जागा मोकळी झाली. दुपारी दुसरी गाडी आली तरी तिथे लावली नाही, बाहेर उन्हात ठेवली.

२९ नोव्हें., शनिवार
डिचोलीच्या गॅरेजवाल्याचा बसूला फोन: कामात खोट नाही. बसूनं खुशीनं सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं.

संदेश कालपासून नार्व्याला आलाय, असं चहाच्या गाड्यावर ऐकलं. घरात काय बोलणं झालं, कोणाला माहीत नाही. विचारायला मला तोंड नाही.

पाचच्या सुमारास एका गाडीचं चाक काढत रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो. सरांची गाडी डिचोलीकडून आली. ओळखीचं इंजिन, लांबूनच कळलं. उठून उभा राहिलो. समोरच्या गतिरोधकाला हळू झाली, पुढचं तोंड खाली दबून वर आलं. खडखड नाही. सरळ पुढे गेली, नार्व्याकडे.

कोण चालवत होतं दिसलं नाही. काचेवर ऊन होतं. शेजारी कोणी बसलेलं होतं का, तेही दिसलं नाही. बसूला विचारलं, तोही गाडीखाली होता.