ताईच्या बाजूचा एक मीटर

२ मार्च

ती. ताई,

नमस्कार. मी बरा आहे, ही बरी आहे, माझा डावा गुडघा सोडला तर सगळं जागच्या जागी आहे. तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. शब्द संपताना पेनाला हिसका द्यायची सवय अजून गेली नाही तुझी.

आधी माझी बातमी सांगतो, मग तुझ्या पत्राकडे येतो. निवृत्त झाल्यावर वर्षभर मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. शेवटी ही म्हणाली, एक तर तुम्ही काहीतरी उद्योग करा, नाहीतर मी माहेरी जाते. म्हणून ड्रोन घेतलं. हसू नकोस. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढलाय. वर्गात सगळी आपल्या नातवंडांसारखी, मी आत शिरलो तर परीक्षकच आले समजून उठून उभी राहिली. आठवड्यातून तीन दिवस काम करतो. कारखान्यांची गळकी छपरं, विकायला काढलेल्या घरांचे फोटो, खडीच्या ढिगांचं माप, असलं काय काय.

भागीदार म्हणून साखळी आहे. तुला आठवत असेल, मोजणी खात्यात माझ्या टेपचं दुसरं टोक ज्यानं सत्तावीस वर्षं धरलं, तो. खात्यात सगळे त्याला साखळीच म्हणायचे, अजूनही तेच चालू आहे. आता मी ड्रोन उडवतो आणि तो मान वर करून पक्षी आणि विजेच्या तारा सांभाळतो. समोरच्या बाईंचा मात्र आमच्यावर पक्का संशय आहे. त्यांना वाटतं, हा म्हातारा गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघतो. मी त्यांच्याशी बोलणं सोडलंय.

आता तुझं पत्र. मला वडिलांच्या जागेतला माझा अर्धा भाग विकायचाय आणि घेणाऱ्याला हद्द स्वच्छ हवी, म्हणून वकिलाची नोटीस पाठवली. त्यावर तू लिहितेस, "तू म्हणतोस तशी भिंत एक मीटर आत घेते. अठरा तारखेला गवंडी येतोय. यांची खोली त्या पट्ट्यात येते, ती पाडावी लागेल. आता भांडायला घरात दुसरं कुणी उरलं नाही."

ताई, हे मी पाच वेळा वाचलं. भिंत बांधताना तुम्ही माझा मीटरभर पट्टा आत घेतलात, हे मी अकरा वर्षांपूर्वी तुझ्या दारात उभा राहून सांगितलं. तेव्हा तू पाणी पिऊन जा म्हणालीस, आणि मी नको म्हटल्यावर दार लावून घेतलंस. त्यानंतर एक वीट हलवली नाहीस. आणि आता एकदम कबूल? यात काहीतरी गोम आहे. कुणी सल्ला दिला तुला? खोली पाडायची आणि मग नुकसानीचा दावा माझ्यावर ठोकायचा, असं तर नाही ना? चौतीस वर्षं मोजणीत काढली मी, इतक्या सहज सुटलेली जमीन कधी बघितली नाही. खरं काय ते कळव.

भावोजींबद्दल मला लिहायचं होतं. पुढच्या पत्रात लिहितो.

उत्तराची वाट बघणारा,
तुझा भाऊ

९ मार्च

ती. ताई,

नमस्कार. उत्तर नाही. तू गप्प बसलीस म्हणजे मनात काहीतरी शिजतंय, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

सरळच सांगतो. गुरुवारी आम्ही तुझ्या गल्लीत होतो. मागच्या बाजूच्या एका छपराचं काम होतं. जाता जाता ड्रोन तुझ्या अंगणावरून गेलं, आपल्या दोन्ही भागांवरून गेलं म्हण. वरून पुष्कळ फोटो निघतात, कॉम्प्युटर ते एकमेकांना जोडून एक अख्खा नकाशा करतो, आणि त्यावर कुठलंही अंतर मोजता येतं.

त्या नकाशात तुझ्या अंगणात तीन बायका आहेत. एक नळाशी वाकलेली. एक भावोजींच्या खोलीच्या दाराशी. आणि एक भिंतीजवळ, डोळ्यांवर हात धरून थेट वर बघणारी. वरून डोकी तेवढी नीट दिसतात. तिघींचीही पांढरी. कोण आहेत या? साक्षीदार जमवतेस का? माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला गल्लीतल्या म्हाताऱ्या गोळा केल्या असशील तर आत्ताच सांग, म्हणजे मलाही तयारीला लागता येईल.

दुसरी गोष्ट याहून विचित्र. वडिलांनी वाटणी केली तेव्हा दोघांना बारा बारा मीटर रुंदी दिली आणि दोन्ही कोपऱ्यांवर दगड रोवले. अकरा वर्षांपूर्वी मी तुझ्या कोपऱ्याच्या दगडापासून भिंतीपर्यंत टेप लावला, तेव्हा तेरा भरले होते. माझ्या बाजूला तेव्हा भाडेकरूचं गोदाम होतं, सरळ ओळ मिळत नव्हती, म्हणून तुझीच बाजू मोजली. आता नकाशावर तुझी बाजू बारा मीटर दोन सेंटिमीटर येते. मग मधला एक मीटर गेला कुठे? भिंत काय पायांनी चालत आली?

मला तीन शंका आहेत. तुम्ही मागे केव्हातरी गुपचूप भिंत सरकवली असेल. पण तिच्यावर जुनं शेवाळ दिसतंय, म्हणून ही शंका जरा लंगडी आहे. ड्रोन बिघडलं असेल. पण त्याच दिवशी मोजलेला खडीचा ढीग बरोबर भरला. तिसरी शंका साखळीवर. ड्रोनला माप धरता यावं म्हणून जमिनीवर ज्या खुणा करतात, त्या तोच रंगवतो, आणि पूर्वी तो तुझ्याकडे आला की तू त्याला दोनदा चहा द्यायचीस, मला एकदा. मी त्याला तोंडावर विचारलं. त्यानं टोपी घातली आणि निघून गेला. दोन दिवस झाले, फिरकलेला नाही. आता बोल.

भावोजींचं लिहायचं राहिलं.

तुझा भाऊ

१५ मार्च

ताई,

गवंड्याला थांबव. आधी त्याला निरोप दे आणि मग हे पुढचं वाच. काल तुला फोन लावला होता. तू उचललास, "कोण?" म्हणालीस, आणि मी फोन ठेवून दिला. तो फोन माझा होता. पत्र साखळीच्या हाती देतोय, पोस्टावर माझा भरवसा नाही.

तुझं पत्र परवा आलं. "तिसरी बाई कोण हे कळलं तर मलाही सांग. इथे मी एकटीच असते." मी ते साखळीला दाखवलं, म्हणजे त्याच्या घरी जाऊन, माफी मागून दाखवलं. त्यानं नकाशा बघितला आणि म्हणाला, अहो, तिन्ही ताईच आहेत. ड्रोन फेऱ्या मारत फोटो काढत होतं, तेवढ्यात तू नळापासून खोलीकडे गेलीस, तिथून भिंतीशी आलीस. कॉम्प्युटरनं तुला तिन्ही जागी चिकटवलं. मी साक्षीदार मोजत होतो आणि तू आपली एकटीच अंगणात फिरत होतीस. किती पांढरी झालीस गं.

मग त्यानं जुना पोलादी टेप काढला. तुला आमच्या कामातली एक पद्धत सांगतो. टेपचं पुढचं टोक वापरून वापरून झिजतं, कडी सैल होते, म्हणून आम्ही शून्य न धरता एक मीटरची खूण दगडावर धरतो. टोक धरणारा ओरडतो, "एक सोडला!" वाचणारा पण उलट ओरडतो, "एक सोडला!" आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करतो. सत्तावीस वर्षं आम्ही दोघं रानोमाळ हेच ओरडत फिरलो.

साखळीनं मला एवढंच विचारलं, "साहेब, त्या दिवशी टोक कुणी धरलं होतं?"

कुणीच नाही, ताई. रविवार होता. मी रागानं एकटाच आलो होतो. एक मीटरची खूण दगडावर ठेवली, वर वीट दाबली, भिंतीपाशी गेलो आणि तेरा वाचले. ओरडायला कुणी नव्हतं.

घरी येऊन तेव्हाची मोजणीवही काढली. माझ्याच अक्षरात आहे. सुरुवात १.००, शेवट १३.०२. वजाबाकीचा रकाना कोरा. एक वजा केला की १२.०२, ड्रोनचंही तेच आहे. माझी बाजूही नकाशावर मोजली, ती बाराला दोन सेंटिमीटर कमी भरते. एवढं इकडे तिकडे भिंत बांधताना होतंच. भिंत वडिलांच्या दगडांप्रमाणे आहे. तुम्ही माझं काही घेतलं नव्हतं.

ती वही अकरा वर्षं माझ्या कपाटात होती. जगावर संशय घेतला, पण ती एकदाही उघडली नाही. मला वाटतं, मी घाबरत होतो.

आता भावोजी. त्या दिवशी मी त्यांना चोर म्हणालो. ते खोलीच्या दारात रंधा हातात घेऊन उभे होते, अंगावर लाकडाचा भुसा होता, आणि एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, चोर आहे म्हणून गप्प आहे. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी बूट घालून जिन्यापर्यंत आलो होतो. तिथे मनात आलं, आता गेलो तर ताईला वाटेल पट्ट्यासाठी आला. परत फिरलो. हिनं खूप सांगितलं, तिच्यावर ओरडलो. मला फार लाज वाटते, ताई.

आणि तू पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलंस, "हे शेवटपर्यंत म्हणायचे, त्याचं माप चुकणार नाही, आपलीच भिंत वाकडी बांधली गेली असेल." ते वाचून मी जेवणावरून उठलो. म्हणजे बिचारा माणूस स्वतःला दोषी समजत गेला, माझ्या शब्दावर.

आणखी एक कबुली. तुझ्या गल्लीत आमचं कसलंही काम नव्हतं. तुला न विचारता तुझ्या घरावरून ड्रोन फिरवलं. ते फोटो तुला आणून देतो, तू म्हणशील ते त्यांचं कर. समोरच्या बाईंची मी माफी मागणार नाही, पण त्यांना वाटतं त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. वकिलाला नोटीस मागे घ्यायला सांगितलंय.

सतराला मी येतो. ड्रोन घरी ठेवून, फक्त टेप घेऊन. साखळीलाही आणणार नाही. दगडापाशी टोक तू धरायचंस. मी भावोजींच्या खोलीपाशी भिंतीला टेकून आकडा वाचीन. तू मोठ्यानं ओरड, गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं, कारण चोर मी गल्लीला ऐकू जाईल असंच म्हणालो होतो. मी तितक्याच मोठ्यानं परत ओरडेन, वजाबाकी करीन, आणि बाराचा आकडा त्यांच्या दारावर लिहून खाली सही करीन. मग तू दार लावून घेतलंस तरी माझी तक्रार नाही.

पाणी मात्र विचार. या वेळी नको म्हणणार नाही.

तेरा वाचणारा,
तुझा धाकटा