कडक शिसं आणि कल्याणप्पांची भुवई

सोमवार, १६ जानेवारी १९६१. लोहारा.

पेन्सिली आल्या. सोलापूरच्या गाडीचे कंडक्टर दगडोबा यांनी पुडकं स्वतः हातात दिलं आणि एकही मोडलेली नाही याची खात्री दिली. वाटेत त्यांनी ते उघडून पाहिलं होतं. रंगीत, परदेशी, आतलं शिसं कडक. बारीक रेघेसाठी याच्यावरचा माल सोलापुरात नाही, असं दुकानदारानं कळवलंय.

आता कामाला सबब नाही. पूर्वीही नव्हतीच म्हणा. हेडमास्तरांच्या निरोपाला मी काढलेलं त्यांचं चित्र कोणाला ओळखू आलं नाही, ते निव्वळ मऊ शिशामुळं. मऊ शिसं फासलं जातं. हेडमास्तरांनी चित्र उलटं धरून आभार मानले. आठवलं की अजून कान तापतात, म्हणून तो विषय इथं लिहीत नाही.

नवं काम असं. गल्लीतल्या शरणम्मांचे यजमान कल्याणप्पा खणवाले गेल्या साली वारले. ५ मार्चला वर्ष आहे. त्या दिवशी हार घालायला मोठी तसबीर पाहिजे. कल्याणप्पांचा उभ्या जन्मातला फोटो एकच, तुळजापूरच्या जत्रेत पडद्यापुढं उभं राहून काढलेला, पत्त्याच्या पानाएवढा. त्यांचा मुलगा सोमलिंग सोलापूरला मिलमध्ये असतो. तिकडच्या स्टुडिओतून मोठा करून आणतो म्हणत होता. मी म्हणालो, यंत्राला माणूस कळत नसतो, मी काढतो. शरणम्मांना पटायला दोन-चार दिवस लागले.

आज फोटो आणून दिला. देताना पदरानं पुसला. म्हणाल्या, "मास्तर, दुसरा न्हाय बरं का. जपा."

संकल्प : रोज शाळेआधी एक तास. फेब्रुवारीअखेर तसबीर तयार.

मंगळवार, १७ जानेवारी

पेन्सिलींची परीक्षा घेतली. तपकिरीचं टोक अंगठ्याच्या नखावर ओढलं. नखावर चरा उमटला. याला म्हणतात पॉइंट. चारुशीलेला दाखवलं. तिनं विचारलं, तसबीर नखावर काढायची आहे का. बायकोला कलेतलं कळलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही.

शनिवार, २१ जानेवारी

ब्लेडनं टोक काढणं ही निम्मी कला. लाकूड आधी सोलायचं, शिसं मग घासायचं. काळी पेन्सिल घासता घासता निम्मी झाली. पण टोक असं निघालं की बघत राहावं. दोन दिवस बघत राहिलो.

कागद अजून कोरा. घाई म्हणजे कलेची माती.

सोमवार, २३ जानेवारी

शरणम्मा आल्या. दर सोमवारी कोनाड्यातल्या फोटोपुढं विभूती आणि फूल ठेवायची त्यांची रीत. फोटो इथं, म्हणून फूल घेऊन इथं आल्या. माझ्या टेबलावर फोटोपुढं ठेवलं, हात जोडले. सोबत धपाटे आणि दही. मग विचारलं, कुठवर आलं. म्हणालो, भुवई पूर्ण.

त्यांनी विचारलं, एकच? म्हणालो, दुसरी तशीच असते.

त्या हसल्या. म्हणाल्या, यांची तशी नव्हती, डावी जरा वर असायची, गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की आणखी वर जायची. मी म्हणालो, कडक शिशात रागसुद्धा उतरतो.

धपाटे उत्तम. दह्याच्या वेळी थोडं अवघडल्यासारखं झालं. तरी वाटी पुसून खाल्लं.

बुधवार, १ फेब्रुवारी

संकल्पात बदल. शाळेआधीचा तास शाळेनंतर.

अडचण पेन्सिलीची नाही, मापाची आहे. भुवई झाली, पण डोळा तिच्याखाली बसेना. बसवला तर गालावर येतो. शास्त्रीय उपाय : फोटोवर लहान चौकटी पाडायच्या, कागदावर मोठ्या, आणि एकेक घर उतरवत जायचं. सगळे मोठे कलावंत असंच करतात.

चारुशीला म्हणाली, अहो, फोटोवर रेघा कशाला, वर काच ठेवा आणि काचेवर आखा. तिला समजावलं की काचेची जाडी मध्ये आली की नजर सरकते. शिवाय रंगीत पेन्सिलच ती, काम झालं की रबर फिरवायचं. मऊ पेन्सिलीची रेघ जाड पडली असती. कडक शिशाची रेघ दिसणारसुद्धा नाही. यासाठीच तर मागवल्या.

गुरुवार, २ फेब्रुवारी

चौकटी पाडल्या. पट्टी धरून, जोर देऊन, कारण चकचकीत कागदावर रंग उठत नव्हता. केसाएवढ्या बारीक रेघा, कपाळापासून बुटापर्यंत. इतकं स्वच्छ काम या तालुक्यात कोणी केलं नसेल.

शनिवार, ४ फेब्रुवारी. सकाळ.

घरं उतरवण्याआधी रेघा जातात का ते बघायला रबर फिरवलं. रंग गेला. रेघा राहिल्या. फोटो तिरपा धरला की चमकतात. तात्पर्य, तिरपा धरू नये.

त्याच दिवशी, दुपारी.

सरळ धरला तरी दिसतात. चेहऱ्यावर जास्त. एक रेघ बरोबर डोळ्यातून गेलीय. फोटोवरची साय असते, ती चिरली गेलीय असं दिसतं. माल वाजवीपेक्षा कडक आहे. दुकानदारानं तसं आधी कळवायला पाहिजे होतं.

रविवार, ५ फेब्रुवारी

ओल्या फडक्यानं हलकेच पुसलं.

हलकेच नव्हतं. नाकाचा काही भाग फडक्याला आला.

जेवलो नाही. पोट ठीक नसल्याचं सांगितलं.

सोमवार, ६ फेब्रुवारी

शरणम्मा फूल घेऊन दारात. दारातच सांगितलं की रंग बसतोय, वारा लागता कामा नये, आज फोटो उघडता यायचा नाही. त्यांनी लगेच एक पाऊल मागं घेतलं. वारा लागू नये म्हणून दार स्वतःच ओढून घेतलं. फूल माझ्या हातात राहिलं.

फोटो टेबलावर पालथा आहे. पालथ्या फोटोपुढं फूल ठेवलेलं चालतं की नाही, कोणाला विचारावं कळेना.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

विचारांती मन शांत. स्टुडिओवाले तरी काय करतात? रिटचिंग करतात. चिरा बुजवायच्या, एवढंच. आणि बारीक डिटेलला माझ्या पेन्सिलींइतकं योग्य हत्यार नाही. जिनं काम वाढवलं तिनंच ते निस्तरायचं. यात एक न्याय आहे.

रविवार, १२ फेब्रुवारी

डोळा बुजवला. तो नव्यानं काढावा लागला. मग दुसरा त्याला जुळेना, तोही काढला. नाक माझ्या अंदाजानं. मिशी काळी केल्यावर चेहऱ्याला एकदम उठाव आला. कल्याणप्पा दहा वर्षांनी लहान दिसतात. ओरिजिनलपेक्षा फोटो स्वच्छ झालाय, असं स्पष्टपणे नोंदवून ठेवतो.

चारुशीला चहा घेऊन आली. फोटो बघितला. कप ठेवून गेली. काही बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं, उत्तर तयार होतं.

सोमवार, १३ फेब्रुवारी

शाळेत काम नसताना थांबलो. घरी मागच्या बोळानं आलो. बोळ लांब पडतो, पण चालणं प्रकृतीला चांगलं.

सोमवार, २० फेब्रुवारी

चारुशीलेला सांगून ठेवलं होतं की शरणम्मा आल्या तर मी सरकारी कामानं उस्मानाबादला गेलोय म्हणून सांग. शरणम्मा आल्या. चारुशीला म्हणाली, घरातच आहेत, बाहेर येत नाहीत.

मी आतल्या खोलीत, दाराला पाठ लावून. शरणम्मांचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. "असू द्या बाई. लई बारीक काम हाय त्यांचं. उगं ध्यान मोडाय नगं." फूल उंबऱ्यावर ठेवून गेल्या.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी मला बोलता येतं.

रविवार, २६ फेब्रुवारी

तसबीर पूर्ण! चौकटी बाजूला ठेवून आठवणीतून काढली. कल्याणप्पांना मी रोज बघत होतो, आठवण पक्की आहे. फेट्याची वीण तर धागा धागा मोजून घ्यावी. पाहणारा आधी फेटाच बघेल, आणि एवढी तसबीर मिळाल्यावर तो जत्रेतला चिटोरा कोण परत मागतंय? गेले पंधरा दिवस उगाच जीव टांगणीला लावला.

सोमवार, २७ फेब्रुवारी

आज स्वतः निरोप पाठवून बोलावलं. तसबीर खिडकीपाशी उजेडात लावून ठेवली. शरणम्मा आल्या, पदर सावरून समोर बसल्या. पुष्कळ वेळ बघितलं. फेट्याची फार तारीफ केली. खणवाल्याची बायको, वीण त्यांना कळते. मग आणखी बघितलं. एकदा उठून बाजूनंही बघितलं.

शेवटी मलाच वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर, चांगलं हाय. हे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. माझा ल्हान फोटो तेवढा द्या. त्यालाच हार घालू."

म्हणालो, तो नीट बांधून ठेवलाय, उद्या देतो.

जाताना उंबऱ्यात थांबल्या. "वरीस झालं न्हवं, तोंड इसराय लागलंय मला. सकाळी कोनाड्यात बगितलं की मंग ध्यानात यायचं. दीड म्हैना झाला, न्हाय येत."

चारुशीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

गुरुवार, २ मार्च

शाळेत रजा टाकली. तुळजापूरला जाऊन आलो. मार्ग निघणार याची खात्री होती. फोटोवाल्याकडं काच, म्हणजे काचेची निगेटिव्ह, असणार, तिच्यावरून दुसरी प्रत काढायची, मूळ फोटो जाळून टाकायचा, झालं.

फोटोवाला सापडला. भला माणूस. म्हणाला, जत्रेच्या काचा धुऊन तसबिरी बांधणाऱ्याला विकतो, सगळेच विकतात. त्यानं मला पेन्सिलीची आवड आहे का विचारलं, बोटं रंगलेली बघून. नाही म्हणालो.

परतीच्या गाडीत दगडोबा भेटले. पेन्सिली कशा निघाल्या म्हणाले. कडक, एवढंच म्हणालो.

शनिवार, ४ मार्च. संध्याकाळ.

सोमलिंग दुपारच्या गाडीनं आला. घरी जायच्या आधी इथं डोकावला. त्याच्या आईनं पत्रातून कळवलं होतं म्हणे की मास्तरांनी फोटोची फार काळजी घेतली, वारासुद्धा लागू दिला नाही. म्हणून माझ्यासाठी सोलापुरी चादर आणलीय. मी घेत नव्हतो. तो ठेवून गेला. फोटो आत्ताच देता का विचारत होता. म्हणालो, सकाळी.

तो गेल्यावर चारुशीलेशी बोलणं झालं. मी म्हणालो, सकाळी तूच दे, बायकामाणसाला कोणी बोलत नाही. ती म्हणाली, दार तुम्ही उघडायचं. मी आत असेन, पण दार तुम्ही उघडायचं. आणि पेन्सिलीचं नाव काढायचं नाही, सोलापूरच्या दुकानदाराचं नाही, काचेचं नाही.

विचारलं, मग सांगू काय?

"मी खराब केला, एवढंच."

मगाचपासून वाक्याचा सराव करतोय. सोपं आहे, अडखळण्यासारखं त्यात काही नाही. पण दर वेळी ते संपलं की पुढं 'पण' येतो. तो 'पण' गिळायला अजून जमलेलं नाही. दोनदा गिळला, तिसऱ्यांदा तोंडातून गेलाच. चारुशीलेनं आतून ऐकलं असावं, भांड्याचा आवाज थांबला होता.

सोमलिंग सकाळी सातला येणार. पूजा आठची आहे. शरणम्माही बरोबर येतील. फोटो आपण स्वतःच्या हातानं घेणार, असं त्यांनी त्याला पत्रातच कळवून ठेवलंय.