डॅशबोर्डवरची जाळी

३ मार्च
लिहायला बसले, कारण लेकीने काल फोनवर स्पष्ट सांगितलं. पंधरा तारखेच्या रविवारी ती येणार, गाडीत माझ्या शेजारी बसून एक फेरी मारणार आणि मग मी यापुढे गाडी चालवायची की नाही ते ठरवणार. ती ठरवणार! जिला सायकल मी शिकवली. निमित्त काय, तर पार्किंगच्या खांबाला मागचा दरवाजा घासला. खांब चुकीच्या जागी बांधला आहे, हे मी सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवलं आहे.
गाडी गेली तर ह्यांना व्यायामाच्या डॉक्टरांकडे न्यायला दर खेपेला शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून सोडता का म्हणून विचारावं लागेल. मी शाळा चालवली आहे. मी कोणाच्या दारात उभी राहत नाही.
झोप लागली नाही. घाबरण्याचा प्रश्नच नाही. उशी उंच होती.

४ मार्च
मूळ दोष सापडला. गाडी आतून जुनाट दिसते. करडं प्लॅस्टिक, त्यावर चरे. अशा गाडीत कोणीही बाई म्हातारीच दिसणार. उपाय: कार्बन फायबरसारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांचा सेट. काळा, चकचकीत, बारीक विणीचा. रेसच्या गाड्यांत असतो तसा. ऑर्डर दिली. मन हलकं झालं.

७ मार्च
सेट आला. डॅशबोर्ड स्पिरिटने पुसला, हेअर ड्रायरने पट्ट्या गरम केल्या, दाबून बसवल्या. व्हिडिओतला माणूस या कामाचं उगाच अवडंबर माजवतो.
गिअरभोवतीची पट्टी ऑटोमॅटिक गाडीची निघाली. तिच्यावर पी, आर, एन, डी अशी अक्षरं. माझी गाडी हाताने गिअर टाकायची. डब्यावर तसं लिहिलेलं होतं म्हणे, हे वाचून दाखवत होते. इतकं बारीक छापायचं म्हणजे शुद्ध फसवणूक. तरी बसवली, उघडी जागा वाईट दिसते. हे म्हणाले, आता गिअर टाकायचा की अक्षर बघायचं?
एक पट्टी उरली. ती डॅशबोर्डच्या माथ्यावर, काचेखाली लावली. व्हिडिओत तिथे लावलेली नव्हती. त्या माणसाला कल्पकता नाही.

८ मार्च
सराव म्हणून ह्यांना घेऊन फेरी. ऊन समोरून आलं आणि माथ्यावरच्या पट्टीची वीण काचेत उतरली. सगळ्या रस्त्यावर जाळी पसरल्यासारखी. त्या जाळीतून एक बाई बाळाची गाडी ढकलत एकदम समोर. ब्रेक. इंजिन बंद पडलं. बाई ओरडली नाही. नुसती बघत राहिली. ओरडली असती तर मला चार शब्द सुनावता आले असते.
मी म्हटलं, पट्टीचा दोष. हे म्हणाले, हो का. घर येईपर्यंत त्यांनी दाराचं हँडल सोडलं नाही.
हात अजून गार आहेत. भांडी घासली म्हणून असेल.

९ मार्च
कार ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. ह्यांना रिक्षाने नेलं, कारण तिकडे पार्किंग मिळत नाही. मालकाला मोबाइलवर फोटो दाखवला. म्हणाला, अहो मावशी, काचेखाली चकचकीत काही लावतात का! लावणाऱ्याला डोळे नाहीत का? मी त्याला मॅडम म्हणायला सांगितलं. घरी येऊन पट्टी उपटून काढली. जाळी गेली. प्रश्न मिटला.

१० मार्च
प्रश्न बव्हंशी मिटला. संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. जाळी नाही, पण समोरच्या दिव्यांभोवती पिसारे. काच आतून पुसली. बाहेरून पुसली. चष्मा पुसला. पिसारे तिथेच.
ह्यांना पिसारे दिसतात का, ते विचारलं नाही. विचारलं तर ते खरं सांगतील.

१२ मार्च
गाडी बाहेर काढली नाही. पट्ट्यांचा गोंद मुरायला हवा. ह्यांचा व्यायाम चुकला. ते म्हणाले, बरंच झालं, गुडघा दुखतच होता. दुखत नव्हता.
दुपारी खाली जाऊन गाडीत नुसती बसले, दारं लावून. आतून रुबाबदार दिसते. पट्टीवरून बोट फिरवलं. वीण लागत नाही हाताला. नुसती छापलेली आहे.

१५ मार्च, रविवार
लेक आली. पट्ट्या पाहून म्हणाली, अगं आई, हे काय खूळ! पण हसली. म्हणजे पहिली बाजी माझी. निघालो. ती शेजारी, हे मागे. आरसा, इंडिकेटर, क्लच, सगळं शिस्तीत. तिला बोट ठेवायला जागा दिली नाही.
दुसऱ्या चौकाअलीकडे झेब्रा क्रॉसिंगच्या कडेला एक गृहस्थ उभे. लाल कोट. मी थांबले. हाताने जा म्हटलं. जाईनात. मागे हॉर्न सुरू. पुन्हा खूण केली. शेवटी काच खाली करून दटावलं, अहो, निघा की, तुमच्यासाठी दिवसभर थांबायचं का सगळ्यांनी?
लेक हळूच म्हणाली, आई, ती पोस्टाची पेटी आहे.
मी म्हटलं, माहीत आहे.
हे मागून एक शब्द बोलले नाहीत. एरवी अशी संधी ते सोडत नाहीत. म्हणजे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.
पेटीला माणूस समजले, ते एक वेळ चालेल. हॉर्न वाजत होते आणि उलट झालं, माणसाला पेटी समजले तर काय, एवढाच विचार मी करत होते. बाळाच्या गाडीला मी काय समजले असते? हँडब्रेक ओढला. लेकीला म्हटलं, तू ये इकडे. उतरून बॉनेटला धरत पलीकडे गेले. तिने वाद न घालता जागा बदलली. शहाणी आहे.

त्याच दिवशी, दुपारी
व्यवस्था तात्पुरती आहे. लेक ह्यांना व्यायामाला नेईल आणि बुधवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. शेजाऱ्यांकडे जायचं कारण नाही. पट्ट्यांना हात लावायचा नाही, असं तिला बजावलं. ती म्हणाली, बरं बाई.
सुपूर्त केलं: गाडीची कागदपत्रं, विम्याची फाइल, दोन्ही किल्ल्या. कागद टेबलावर ठेवले. किल्ल्या हातात देण्यासाठी पुढे केल्या. लेक म्हणाली, आई, इकडे. मग तिनेच माझं मनगट धरलं, हात आपल्या तळव्यावर आणला, आणि मी किल्ल्या सोडल्या.