मशीन बंद न करता

२ एप्रिल, मंगळवार
साहेबांना शब्द दिला. आमच्या लॅबचे रक्ताचे सगळे रिपोर्ट ज्या मशीनवरून निघतात, ते खरं म्हणजे मशीनच नाही. खालच्या खोलीत एक मोठा सर्व्हर आहे. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने उभी केलेली काही नकली मशीनं चालतात, त्यांतलं हे एक. त्याची डिस्क नकली, नेटवर्क कार्डही नकली. आजवर त्यात काही घालायचं-काढायचं म्हणजे मशीन बंद करा, उशिरापर्यंत थांबा, घरी बोलणी खा. यापुढे ते नाही. नवी डिस्क घालणार, जुनी काढणार, आणि सगळं चालू मशीनमध्ये, भर दिवसा. काउंटरवर पत्ताही लागणार नाही. साहेब म्हणाले, बघा हं. म्हणजे परवानगी.

घरी हिला सांगितलं, आता उशिरा येणं संपलं. ही म्हणाली, कधीपासून? कौतुक करायची एकेकाची पद्धत असते.

४ एप्रिल, गुरुवार
नवी डिस्क घातली. एका कमांडमध्ये दिसायला लागली. खुर्चीत ऐटीत मागे रेलून बसलो, पण बघायला कोणी नव्हतं.

घरी यायला उशीर झाला. आनंदात भान राहत नाही. भिंगरी झोपली होती. (आमची मुलगी. पाय ठरत नाही म्हणून हे नाव.) हिला काहीतरी बोलायचं होतं. दुसऱ्या गावातली शाळा, चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा, कायमची, असं काहीसं. तिघांनी जाऊ या का, असं विचारत होती. मी मॅन्युअल वाचत होतो. हूं म्हटलं.

७ एप्रिल, रविवार
संकल्प: आजचा अख्खा दिवस घरच्यांना.

भिंगरीबरोबर सायकल चालवायला जायचं ठरलं होतं. तेवढ्यात जुनी डिस्क काढायची रंगीत तालीम उरकून घ्यावी म्हणून लॅपटॉप उघडला. तालीम लांबली. दोघी जाऊन आल्या. ही पुन्हा तेच घेऊन बसली. घर बघून ठेवलंय, तुला यायचं नसेल तर तसं सांग, आम्ही दोघी जाऊ का? मी हूं म्हटलं. वाद टाळायची कला सगळ्यांना साधत नाही.

११ एप्रिल, गुरुवार
घर मोकळं मोकळं वाटतंय. हिचा चित्रांचा स्टँड आणि रंगांचे खोके दिसत नाहीत. अडगळ कमी कर, हे मीच गेल्या वर्षी म्हणालो होतो. उशिरा का होईना, ऐकते माझं.

१२ एप्रिल, शुक्रवार
जुनी डिस्क काढायची कमांड दिली. लगेच उत्तर आलं: विनंती स्वीकारली. साहेबांना मेल टाकला: डिस्क काढली.

डेटाबेस बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, अजून दिसतेय की. त्यांचं म्हणणं, काढा म्हणणं ही नुसती विनंती. आतल्या मशीनने डिस्क सोडली तरच ती निघते, आणि आत काहीतरी अजून तिच्यावर लिहितंय. मॅन्युअलमध्येही हेच आहे. मला माहीत आहे. पण मॅन्युअल भित्र्या माणसांसाठी लिहितात. सांगितलं म्हणजे झालं.

१६ एप्रिल, मंगळवार
भिंगरीचं अभ्यासाचं टेबल गेलं. सायकलही. विचारणारच होतो, पण टेबलाच्या जागी माझी खुर्ची इतकी छान बसली की राहून गेलं. भिंगरीने विचारलं, बाबा, तू कधी येणार? कुठे, ते विचारायला हवं होतं. हे काम संपलं की लगेच, असं सांगून टाकलं. खूश झाली.

१८ एप्रिल, गुरुवार
डिस्क अजून चिकटून आहे. साहेबांनी विचारलं, निघाली ना? म्हणालो, निघाली, स्क्रीन जुनं दाखवते. आता शब्द खरा करणं आलं. उद्या आतल्या मशीनला विचारायचंच नाही. मोठ्या सर्व्हरवरून त्या डिस्कची फाइलच उडवून देतो. मग काय धरून बसणार?

१९ एप्रिल, शुक्रवार. सकाळी
उडवली. मशीन चालू. जिंकलो.

तेवढ्यात हिचा फोन. म्हणाली, टेम्पो आलाय, शेवटचं विचारते, आम्ही निघू का? स्क्रीनवर लाल अक्षरं यायला लागली होती. हूं म्हटलं.

संध्याकाळी
मशीन गोठलं. रिपोर्टांची प्रत त्याच डिस्कवर जात होती. ती जागाच सापडेना, म्हणून सगळं अडलं. काउंटरवर माणसांची गर्दी. एका म्हाताऱ्या गृहस्थांना बायकोचा रिपोर्ट हवा होता, त्याशिवाय डॉक्टर तिला ऑपरेशनला घेत नव्हते. त्यांना म्हणालो, पाचच मिनिटं. हे दिवसभर म्हणत होतो. शेवटी मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागलं. जुने रिपोर्ट गेले ते गेलेच. म्हातारे तोवर निघून गेले होते. त्यांच्या बायकोचं काय झालं, कळलं नाही. साहेब ओरडले नाहीत. खालच्या खोलीची किल्ली मॅडमकडे द्या म्हणाले, आणि सोमवारपासून येऊ नका. थोडी विश्रांती मलाही हवीच होती.

घरी आलो तर कुलूप. आत फ्रिज चालू, पंखा तसाच फिरतोय. दोघींचे कपडे नाहीत. गादी होती तिथली फरशी तेवढी स्वच्छ. फोन लावला.

ही अगदी शांतपणे म्हणाली, "मी दरवेळी विचारलं. तू दरवेळी हूं म्हणालास."

हूं म्हणजे हो नव्हे, असं मी म्हणालो.

"मग काय असतं?"

फोन ठेवल्यावर बराच वेळ भीती वाटत राहिली. इतकी भीती कधी वाटली नव्हती.

२१ एप्रिल, रविवार
डोकं थंड ठेवून विचार केला. साधा गैरसमज आहे. पुढच्या रविवारी जाऊन दोघींना घेऊन येतो. टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं. जाताना रिकामा, येताना भरलेला.

२८ एप्रिल, रविवार
हिच्या नव्या घराखाली टेम्पो उभा केला. जिना चढताना काय बोलायचं ते पाठ केलं. बेल वाजवली.

भिंगरीने दार उघडलं. केस बारीक कापलेत. मला कोणी सांगितलं नव्हतं. ही पोर मला बोलायला लागल्यापासून अरे-तुरे करते, दारातच अंगावर उडी मारते. आज कडी धरून उभी राहिली, आणि मागे वळून म्हणाली, "आई, बाबा आलेत. आत या म्हणू का?"

आतून ही म्हणाली, म्हण.

"या, बसा," भिंगरी म्हणाली, आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेली.

बसलो. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, सामान किती आहे ते विचारायला.